जीप उंच करण्याआधी पाट्यांचा हिशोब करा



महिंद्राने 1940च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे ही गाडी शेतकऱ्याच्या दारात आली, ती चारही चाकांवर पोलादी पाटे घेऊनच. वसई पूर्वेला तुंगारेश्वराच्या पायथ्याकडे सातिवलीत गाळ्यागाळ्यांतून लोखंडाचे काम चालते. अशा ठिकाणी काम शिकलेली आपली पोरे सुट्टीला आली, की चिखलात गाडी अडू नये म्हणून अंगणातच जॅक लावतात. एखादा जाड पाटा वाढवायचा, खाली ठोकळा घालायचा, की झाली जीप उंच! हौसेला आमची ना नाही. पण हिशोब आधी पाहा.

पाट्याची जाडी सव्वापट केली तर त्याचा ताठपणा जवळजवळ दुप्पट होतो. ताठ पाटा खड्ड्यात लवत नाही, चाक अधांतरी राहते, आणि अधांतरी चाक नुसतेच फिरते. म्हणजे ज्यासाठी खटाटोप, तेच हातचे जाते.

दुसरी गोष्ट तोलाची. चाकांमधली रुंदी 4 फूट आणि वजनाचा मध्य जमिनीपासून 2 फूट असेल, तर ढोबळ हिशोबाने गाडी 45 अंश कलल्यावर उलटते. तोच मध्य 6 इंच वर गेला, की 39 अंशांतच! बांधावरून जाताना मागे तोडणीची माणसे बसलेली असतात, हे विसरू नका. शिवाय ब्रेकची नळी ताणते, शाफ्टचा कोन बदलून क्रॉस लवकर झिजतो.

कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52 प्रमाणे गाडीच्या मूळ तपशिलात मनमानी बदल चालत नाही. 2019च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलास 5,000 रुपये दंड, 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडकू शकतो.

मग करावे काय? तुटका पाटा त्याच मापाच्या पाट्याने बदला. झिजलेले बुश नवे घाला. यू-बोल्ट आवळा आणि थोडी गाडी चालवून पुन्हा तपासा. चिखलात टायरची हवा थोडी कमी करा. डांबरीवर येण्याआधी पुन्हा भरा. खर्च थोडा, गुण मोठा.

गाडी चिखलात अडली तर ट्रॅक्टर ओढून काढील. माणसे भरलेली गाडी उलटली तर काय, याचा विचार घरी बसूनच करावा, ही विनंती.