परदेशी जोडीदार आणि व्हिसाचे दफ्तर : समजुती व वस्तुस्थिती

पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या घरातील मुलीने अमेरिकन नागरिकाशी विवाह करण्याचे ठरवले, म्हणजे जात, धर्म, आहार आणि पत्रिका यांविषयी घरात जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही त्या दोघांना एका छपराखाली राहण्याची परवानगी कोण, कोणत्या अटींवर आणि किती मुदतीची देणार या प्रश्नाची होत नाही; कारण लग्न झाले की नवराबायको एकत्र राहणारच, सरकार त्यांच्या आड कशाला येईल, असे आपण मनोमन गृहीत धरलेले असते. ही समजूत स्वाभाविक असली, तरी कायद्यात तिला आधार नाही. विवाह दोघांच्या संमतीने सिद्ध होतो, प्रवेश मात्र राज्याच्या मर्जीने मिळतो, आणि या दोन बाबींची दफ्तरे सर्वस्वी निराळी आहेत.

अमेरिकेच्या बाबतीत हा भेद जून २०२४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने अत्यंत स्पष्ट शब्दांत मांडला. मुन्योझ नावाच्या एका अमेरिकन नागरिक स्त्रीच्या एल साल्वादोर देशाच्या पतीला तेथील अमेरिकन वकिलातीने व्हिसा नाकारला होता, आणि नकाराचे सविस्तर कारण कळणे हा पत्नी या नात्याने आपला घटनात्मक हक्क आहे, असे तिचे म्हणणे होते. परंतु आपल्या परदेशी जोडीदाराला देशात प्रवेश मिळावा असा मूलभूत हक्क नागरिकाला नाही, असा निर्णय न्यायालयाने बहुमताने दिला. पतीपत्नींचे नाते खरे आहे की नाही हा वाद तेथे नव्हताच. तेव्हा नागरिकाने दाखल केलेला अर्ज मंजूर झाला म्हणजे सारे काही झाले, ही समजूत टाकून दिली पाहिजे. त्या मंजुरीने केवळ नाते ग्राह्य धरले जाते. त्यापुढे वांद्रे-कुर्ला संकुलातील अमेरिकन वकिलातीच्या खिडकीपाशी अर्जदाराची स्वतंत्र परीक्षा असते आणि तेथील अधिकाऱ्याचा नकार न्यायालयात नेण्यास जवळजवळ वाव नसतो.

दुसरी समजूत 'फियॉन्से व्हिसा' नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रकाराविषयी आहे. अमेरिकेत असलेला कोणताही मुलगा आपल्या वाग्दत्त वधूला या मार्गाने बोलावून घेऊ शकतो असे अनेक कुटुंबांत समजले जाते. वस्तुतः १९७० साली निर्माण झालेली ही 'के' श्रेणी केवळ अमेरिकन नागरिकांच्या वाग्दत्त जोडीदारांसाठी आहे. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर काम करणाऱ्या आपल्या मुलांना तिचा उपयोग नाही. त्यांनी विवाह करावा आणि पत्नीसाठी एच-४ व्हिसा घ्यावा. ग्रीन कार्ड असलेल्यालाही ती मिळत नाही, आणि येथे तारखेचा एक क्रूर हिशेब आहे : नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्ड मिळण्याच्या आदल्या दिवशी विवाह झालेला असेल तर पत्नी पतीच्याच अर्जाच्या आधाराने मागाहून येऊ शकते, तोच विवाह दुसऱ्या दिवशी झाला तर तिच्यासाठी नवा अर्ज करून वार्षिक मर्यादेच्या रांगेत उभे राहावे लागते. मुहूर्त पाहण्याची हौस असणाऱ्यांनी हा मुहूर्तही पाहावा, असे मला वाटते.

नागरिकालाही अटी आहेतच. विवाहाच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी १९८६ साली झालेल्या कायद्याने, अर्ज दाखल करण्यापूर्वीच्या दोन वर्षांत वधूवर एकदा तरी प्रत्यक्ष भेटलेले असले पाहिजेत, असा दंडक घातला. दररोज रात्री पडद्यावर तास न् तास बोलणे झाले तरी ती भेट ठरत नाही. विवाहापूर्वी वधूवरांनी एकमेकांना पाहू नये असा ज्या समाजाचा कडक आणि परंपरागत आचार असेल, त्यांना या अटीतून सूट मागता येते. मात्र आपल्याकडे मुलगी पाहण्याचा, म्हणजे कांदेपोह्यांचा, कार्यक्रम हाच परंपरागत आचार असल्याने मराठी अर्जदाराने ही सवलत मागितली तर अधिकाऱ्यापुढे त्याची कैफियत फार वेळ टिकू नये.

याच प्रकरणात वडीलधाऱ्यांचा सल्ला सर्वांत अधिक नुकसान करतो. 'परदेशी जाण्यापूर्वी देवापुढे दोन हार घालून घ्या, नोंदणीचे नंतर पाहू,' असे सद्भावनेने सांगितले जाते, आणि वाग्दत्त वधू म्हणून अर्ज केलेली मुलगी मुंडावळ्या, अक्षता आणि सप्तपदीची छायाचित्रे नात्याचा पुरावा म्हणून वकिलातीत सादर करते. हा व्हिसा अविवाहितांसाठी असल्याने, ही छायाचित्रे पाहून अधिकाऱ्याने तिला विवाहितच ठरवले तर अर्ज तेथेच संपतो. गंमत अशी की, वर ख्रिस्ती असेल आणि धर्मांतर झालेले नसेल, तर त्या सप्तपदीने हिंदू विवाह कायद्याखाली विवाह सिद्धच होत नाही, कारण त्या कायद्याला उभयता हिंदू असावी लागतात. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. म्हणजे एका दफ्तरात ती विवाहित ठरण्याची भीती आणि दुसऱ्या दफ्तरात अविवाहित ठरण्याची! अशा जोडप्याला आपल्याकडे खरा मार्ग १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा. परदेशी व्यक्तीने त्यासाठी जिल्ह्यात महिनाभर राहिले पाहिजे असे सांगणारे पुष्कळ भेटतात. कायदा मात्र दोघांपैकी एकाचा ३० दिवसांचा रहिवास पुरेसा मानतो. नोटीस दिल्यावर हरकतींसाठी ३० दिवस जावे लागतात आणि तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही तर ती नोटीस रद्द होते. त्यामुळे पंधरवड्याच्या रजेवर येऊन नोटीस आणि लग्न दोन्ही उरकण्याचा बेत निष्फळ ठरतो.

पर्यटक व्हिसावर जाऊन तेथेच लग्न करावे, हा सल्ला देणारे दलालही थोडे नाहीत. अमेरिकन कायदा प्रत्येक पर्यटकाला, तो उलट सिद्ध करीपर्यंत, कायमचा राहू इच्छिणारा समजतो. अमेरिकन वाग्दत्त असल्याने व्हिसा नाकारलाच पाहिजे असा नियम नसला, तरी परत येण्याची खात्री पटवण्याचे ओझे त्यामुळे जड होते, हे खरे. परंतु ते ओझे टाळण्यासाठी त्या नात्याविषयी विचारले असता खोटे सांगणे हे अधिक घातक, कारण महत्त्वाच्या बाबतीत लबाडी केल्याचे ठरले तर खास माफीवाचून जन्मभराची प्रवेशबंदी ओढवते. विलंब आणि बंदी यांतले अंतर दलालाला सोसायचे नसते.

इंग्लंडविषयी थोडक्यात. तेथील संशयाचा इतिहास जुना आहे : १९७९ च्या आरंभी हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय वाग्दत्त वधूची कौमार्यपरीक्षा केल्याचे उघडकीस येऊन मोठा गहजब झाला होता. आज ती विटंबना नाही. तिची जागा रकमेने घेतली आहे. एप्रिल २०२४ पासून जोडीदाराला बोलावणाऱ्याचे उत्पन्न सामान्यतः वार्षिक २९,००० पौंड असावे लागते, आणि पुण्यात बसून अर्ज करणाऱ्या पत्नीचा येथील पगार, तो कितीही मोठा असला तरी, त्यात धरला जात नाही.

उलट दिशेने, परदेशी सून किंवा जावई येथे राहायला आला की भारतीय नागरिक होतो, हाही भ्रमच आहे. विवाहानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करण्यापूर्वी सामान्यतः सात वर्षांचा रहिवास लागतो, आणि दुहेरी नागरिकत्व आपल्याला मान्य नसल्याने आधीचे सोडावे लागते. त्यामुळे बहुतेक जण ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर समाधान मानतात. ते नोंदलेला विवाह दोन वर्षे टिकल्यावर मागता येते, त्याने मतदान किंवा शेतजमीन मिळत नाही, आणि घटस्फोट झाल्यास ते रद्द होऊ शकते. ज्यांचे पूर्वज कधी पाकिस्तानचे वा बांगलादेशाचे नागरिक होते, त्यांना तर तेही नाही.

राहिला प्रश्न अमेरिकेला वाग्दत्त म्हणून जावे की विवाहित म्हणून, याचा. वाग्दत्तांचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून तोच बरा, असे सर्रास म्हटले जाते. परंतु त्या व्हिसावर गेलेल्या मुलीला ९० दिवसांत त्याच वराशी विवाह करावा लागतो, त्यानंतर रहिवासाचा अर्ज वेगळा, त्याची फी वेगळी, नोकरीसाठी परवाना वेगळा, आणि तो अर्ज प्रलंबित असता पूर्वपरवानगीवाचून ती माहेरी कोणाच्या आजारपणासाठी निघाली, तर अर्ज सोडून दिला असे समजले जाते. येथे विवाह नोंदवून पत्नी म्हणून अर्ज करणारी मुलगी येथेच अधिक काळ ताटकळते हे मान्य. पण अमेरिकेच्या विमानतळावर उतरते ती कायम रहिवासी म्हणून. विवाहाला दोन वर्षे झालेली नसतील तर तो रहिवास आरंभी दोन वर्षांचा सशर्त असतो, तरी दुसऱ्या दिवशी नोकरी धरायला किंवा पुढच्या महिन्यात भावाच्या लग्नाला नागपूरला यायला तिला कोणाची परवानगी लागत नाही.