रीगा, अलिबाग आणि शनवार तेली



दुसऱ्या महायुद्धाचा धडा आला की 'ज्यू' हा शब्द वर्गात येतो. हिटलर, छळछावण्या, आकडे. धडा संपतो आणि मुलांच्या डोक्यात एवढंच उरतं, की ज्यू म्हणजे हिटलरने मारलेले लोक. म्हणून या धड्याला जोडून दोन गावांची गोष्ट सांगावी, असं मला वाटतं.

पहिलं गाव रीगा. बाल्टिक समुद्राजवळ वसलेली लाटव्हिया देशाची राजधानी. १९३५ च्या सुमारास इथे ४० हजारांहून जास्त ज्यू राहत होते. त्यांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, वर्तमानपत्रं होती. १ जुलै १९४१ ला जर्मन सैन्य शहरात शिरलं. तीनच दिवसांत मोठं प्रार्थनामंदिर जाळलं गेलं. मग ज्यूंना एका कुंपणबंद वस्तीत कोंडलं. ३० नोव्हेंबर आणि ८ डिसेंबर १९४१ या दोन दिवसांत जवळच्या रुंबुला जंगलात सुमारे २५ हजार माणसांना गोळ्या घातल्या. जर्मनांच्या मदतीला काही स्थानिक माणसंही होती. हे मुलांना सांगायला जड जातं, पण सांगायला हवं.

दुसरं गाव आपलं अलिबाग. सातारा-सांगलीकडून घाट उतरला की कोकण. तिथले ज्यू म्हणजे बेने इस्रायल. त्यांच्यात परंपरेने सांगतात, की नवगावजवळ त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. पुढे ही मंडळी तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी मात्र घाणा बंद! म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. शेजाऱ्यांनी त्यांचा विश्रांतीचा दिवस ओळखला आणि त्यावरूनच त्यांना हाक मारली.

आता आडनावं बघा. आपल्याकडे पाटणकर, कराडकर. त्यांच्यात किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर. घरात बोली मराठी, बायकांच्या अंगावर साडी. संदेष्टा एलियाहूच्या नावाने ते 'मलिदा' करतात, त्यात गोड पोहे आणि ओलं खोबरं. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये बांधलं. नाव ऐकून कुणाला वाटेल हा ज्यू माणूस? अलिबागची इस्रायल आळी आणि तिथलं प्रार्थनामंदिर आजही आहे.

मग ही माणसं गेली कुठे? १९४८ मध्ये इस्रायल देश झाला आणि पुढच्या काही दशकांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. तिथेही सगळं सोपं नव्हतं. 'तुम्ही खरे ज्यू का?' असा प्रश्न त्यांच्या लग्नांवरून उभा राहिला. त्यांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ मध्ये त्यांना पूर्ण मान्यता मिळाली. मराठी मात्र त्यांनी सोबत नेली. तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघालं. इथे राहिलेल्या ज्यूंना महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.

रीगात आज ज्यू थोडे आहेत. अलिबागेतही थोडेच. पण कारणं वेगळी. एकीकडे शेजाऱ्यांदेखत माणसं मारली गेली. दुसरीकडे धर्मावरून शेजाऱ्यांनी हात उचलला नाही. माणसं आपल्या इच्छेने निघाली.

वर्गात फळ्यावर दोन्ही गावांची नावं लिहा आणि मुलांना विचारा : शेजारी वेगळा देव मानतो, वेगळ्या दिवशी सुट्टी घेतो, हे दोन्ही गावांना माहीत होतं. मग फरक कुठे पडला? उत्तर लगेच सांगू नका. मुलांना घरी विचारू द्या, की आपल्या गल्लीत वेगळा सण पाळणारं घर कोणतं, आणि त्या घराशी आपलं जाणं-येणं कितपत आहे. तुमच्या वर्गात काय उत्तरं आली, ते जरूर कळवा.