काचपेटीतील साथ

डिसेंबरअखेर कंधारला पहाटेचा गारठा उतरू लागला, म्हणजे दिवाणखान्यातील काचपेटीत कालपर्यंत स्वच्छंद विहरणाऱ्या मॉली माशाच्या कल्ल्यांवर व परांवर रव्याच्या कणांसारखे शुभ्र ठिपके उमटतात, मासा तळच्या खड्यांवर अंग घासू लागतो, आणि हवालदिल झालेला मालक दुकानातून निळ्या नाहीतर हिरव्या औषधाची बाटली आणून ती अंदाजपंचे पेटीत ओततो. ही घाई स्वाभाविक असली, तरी रोगापेक्षा हा इलाजच पुष्कळदा अधिक मासे मारतो.

ठिपक्यांचा कर्ता इक्थिऑफ्थिरियस मल्टिफिलिस हा एकपेशीय परजीवी. १८७६ साली फूके यांनी त्याला हे नाव दिले, आणि योगायोग असा की मेथिलीन ब्लू हे निळे द्रव्यही त्याच साली जर्मनीत प्रथम तयार झाले. माशाच्या त्वचेखाली दडलेल्या या जीवापर्यंत पाण्यातील औषध पोहोचत नाही. पुष्ट झाल्यावर तो गळून तळाशी जातो, स्वतःभोवती कोश विणतो, आत विभाजन पावत शेकडो, क्वचित हजारापर्यंत पिल्ले निर्माण करतो. ती पिल्ले पोहत बाहेर पडली की एक-दोन दिवसांत त्यांना मासा गाठावाच लागतो, नाहीतर ती नष्ट होतात. औषधाचा अंमल चालतो तो या उघड्यावर आलेल्या पिल्लांवरच. पंचवीस अंश उष्णतेत हे सारे चक्र आठवड्याच्या आत पुरे होते, थंड पाण्यात ते कित्येक आठवडे रेंगाळते. म्हणून ठिपके दिसेनासे होताच इलाज बंद करणे म्हणजे कोशांना मुदत वाढवून देणे होय.

यातूनच एक सोय निघते, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. पेटीतील सर्वच मासे दुसऱ्या भांड्यात हलवले आणि पेटीचे पाणी उबदार ठेवले, तर आश्रयाअभावी परजीवी आपोआप संपतो. पेटीला विषाची गरजच उरत नाही. रुग्णांचा उपचार आणि वास्तूची शुद्धी ही दोन निराळी खाती आहेत, ती एकत्र केली की दोन्ही बिघडतात. गाळणीच्या स्पंजात वसणारे जिवाणू माशांच्या उत्सर्गातील अमोनिया पचवीत असतात; मेथिलीन ब्लू किंवा प्रतिजैविके मुख्य पेटीत पडली की त्यांचीही कत्तल होते, आणि ठिपक्यांतून वाचलेला मासा अमोनियाने दगावतो.

रुग्णांच्या भांड्यात लिटरला दोन-तीन ग्रॅम खडे मीठ विरघळवून दिवसभरात थोडथोडे घालावे, पाणी दिवसाला एक-दोन अंशांनी चढवीत तीस अंशांपर्यंत न्यावे, आणि हवेचा पंप अखंड चालू ठेवावा, कारण ऊन पाण्यात प्राणवायू कमी मावतो. खवलेरहित माशांना मात्र मीठ जपूनच द्यावे. नळाचे पाणी वापरायचे तर त्यातील क्लोरीन फोटोग्राफीच्या हायपोने मारता येते. बोअरच्या पाण्याचा जडपणा ते पाणी नुसते साठवून ठेवल्याने हटत नाही, परंतु मॉली आणि हौदातले गप्पी तो आनंदाने सोसतात.

पेटीच्या शुद्धीसाठी ब्लीचिंग पावडरचा हुकूम अखेरचा, तोही मासे, वनस्पती व गाळणी बाजूला काढून. पन्नास लिटर पाण्यात ताजी पावडर तीस ग्रॅमच्या आसपास, अवधी एक तास. मग वारंवार धुणे, हायपो, आणि कडक ऊन. उन्हाळ्यात डब्यात वर्षभर पडलेल्या पावडरीवर इतबार ठेवू नये, तिचे बळ केव्हाच उडालेले असते. तीत आम्लधर्मी संडास-सफाईचे द्रव मिसळणे तर जिवावर बेतणारे आहे. माशांच्या क्षयाचा जिवाणू क्लोरीनलाही चिवटपणे तोंड देतो. त्याच्यासाठी सत्तर टक्के अल्कोहोल अधिक भरवशाचे, आणि हाताला जखम असताना अशा पेटीत हात घालू नये, कारण हा जिवाणू माणसाच्या त्वचेतही शिरतो.

औषधी पाणी किंवा नकोसे झालेले मासे कंधारच्या किल्ल्याच्या खंदकात वा जगत्तुंग सागर तलावात सोडण्याचा मोह आवरावा. दक्षिण अमेरिकेचा सकर मासा देशातील अनेक जलाशयांत काचपेटीतूनच पोहोचलेला आहे.