पेटीतली एकच गोळी

शत्रूचा दारूगोळा हाती लागला तर तो उडवून द्यावा किंवा उचलून आणावा, हे कुणीही सांगेल. पण व्हिएतनाम युद्धात लाओसच्या जंगलात, हो ची मिन्ह मार्गावर चोरून शिरणाऱ्या मूठभर अमेरिकी सैनिकांनी पेट्यांच्या थप्प्या वाहायच्या कशा? काडतुसं जाळूनही धड संपत नाहीत. तेव्हा 'एसओजी' या गुप्त दलाचे प्रमुख कर्नल जॉन सिंगलॉब यांनी उलटा डाव टाकला: साठ्याला हात लावायचा नाही, उलट त्यात आपली भर घालायची.

१९६७ मध्ये सुरू झालेल्या या मोहिमेचं नाव 'एल्डेस्ट सन'. ओकिनावात एके-४७ची काडतुसं उघडून दारूच्या जागी जहाल स्फोटक भरलं जाई. बाहेरून काही कळायची सोय नव्हती. चाप ओढला की बंदूकच फुटे आणि तिचे तुकडे चालवणाऱ्याच्या तोंडावर येत.

खरी मेख पुढे आहे. पेटीत अशी गोळी एकच असे. अख्खी पेटी नासवली असती तर दोन-चार अपघातांत घातपात उघडा पडला असता. एकुलती गोळी मात्र पुरावा स्वतःबरोबरच नेई. उरलेल्या कितीही तपासा, चोख! मेलेल्या सैनिकाच्या मॅगझिनमध्येही ती हळूच सरकवली जाई.

मग संशय जायचा कुणावर? त्याचीही तजवीज होती. चिनी कारखान्यांच्या मालात दोष आहे, पण घाबरण्यासारखं काही नाही, अशा अर्थाची बनावट लष्करी पत्रं पेरण्यात आली. सरकारी दिलासा वाचून माणूस जास्तच धास्तावतो, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक असणार. त्यात चीनने व्हिएतनामवर सुमारे हजार वर्षं राज्य केलेलं. जुनी अढी आयतीच होती. काडतुसाबद्दलचा संशय सैन्याला कुठवर नेतो, हे आपल्याकडे १८५७ मध्ये कंपनी सरकारने भोगलंच होतं.

पण जंगलात पेरलेली गोळी आपला-परका ओळखत नाही. कित्येक अमेरिकी जवानांना हाती आलेली एके-४७ वापरायची हौस होती. खरं कारण सांगता येईना, म्हणून शत्रूची शस्त्रं बेभरवशाची असतात, ती वापरू नका, असे इशारे लष्करी नभोवाणीवरून देण्यात आले. म्हणजे शत्रूला ऐकवायची थाप आपल्याच पोरांनाही ऐकवावी लागली.

एके-४७च्या अकरा हजारांवर गोळ्या आणि सुमारे दोन हजार उखळी तोफगोळे या मोहिमेसाठी तयार केले गेले. १९६९ मध्ये वर्तमानपत्रांत बातमी फुटली. मोहिमेचं नाव बदलून 'इटालियन ग्रीन' झालं, मग 'पोल बीन', आणि त्याच वर्षी ती गुंडाळली गेली.