विझार्डने न विचारलेले प्रश्न

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने एक अट घातली. विषय संगणकाचा असला तरी चालेल, मात्र वाचणारे डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीय आहेत हे विसरू नये. म्हणून मी असा विषय निवडला आहे, ज्यातली कारागिरी आमची असते, पण चूक झाली तर ती रुग्णाला भोवते. हा विषय म्हणजे वर्षानुवर्षे चालत आलेल्या प्रोग्रामला वेबचे पान जोडणे आणि ती जोडणी करून देणारा ‘विझार्ड’.

२००४ च्या सुमारास मी बडोद्याजवळच्या एका रासायनिक कारखान्याच्या संगणक विभागात होतो. तेथील आरोग्य केंद्रात कामगारांची ठरावीक मुदतीने तपासणी होत असे. हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, रक्तशर्करा, श्रवणचाचणी, फुफ्फुसांची क्षमता हे सारे आकडे कंपनीच्या एएस/४०० या संगणकावर नोंदले जात. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली होती. घातक प्रक्रियेत काम करणाऱ्यांच्या आरोग्याच्या नोंदी अचूक आणि अद्ययावत ठेवाव्यात व त्या कामगाराला पाहता याव्यात, असे बंधन तिने घातले होते. नोंदी होत्या, पण कामगाराला पाहायच्या तर केंद्रात जाऊन कारकुनाला विनंती करावी लागे. त्या कंपनीच्या अंतर्गत जाळ्यावर, प्रत्येकाला आपापल्या विभागातल्या संगणकावर दिसाव्यात, असे व्यवस्थापनाने ठरवले.

एएस/४०० हे यंत्र आयबीएमने जून १९८८ मध्ये बाजारात आणले. त्यावरचे बहुतेक व्यावसायिक प्रोग्राम आरपीजी या भाषेत लिहिलेले असत. या भाषेचे मूळ १९५९ सालचे, छिद्रांच्या कार्डांच्या जमान्यातले. हिरव्या अक्षरांचा काळा पडदा, २४ ओळी आणि ओळीत ८० अक्षरे, असा तो संसार. दिसायला ओबडधोबड, पण चालायला भरवशाचा. आरोग्य केंद्राचा प्रोग्राम सुमारे पंधरा वर्षे चालत होता. कोणता निष्कर्ष वयाप्रमाणे तपासायचा, कोणाला पुन्हा बोलवायचे, असे कितीतरी नियम त्यात साठलेले होते आणि ते नव्याने लिहिण्याची कोणाची छाती नव्हती. तेव्हा प्रोग्राम आहे तसाच ठेवायचा आणि त्याच्यापुढे वेबचे पान उभे करायचे, हाच शहाणपणाचा मार्ग होता. माझे आजही तेच मत आहे. जुने म्हणून मोडीत काढण्याची घाई आमच्या व्यवसायात फार आहे.

अडचण अशी की वेबचे पान आणि आरपीजीचा प्रोग्राम यांना एकमेकांची भाषा कळत नाही. पान अक्षरे पाठवते, प्रोग्रामला ठरावीक लांबीचे रकाने हवे असतात. एवढेच काय, दोघांची वर्णमालाही वेगळी. रोमन ‘ए’ हे अक्षर सामान्य संगणकात ६५ या आकड्याने साठवतात, तर एएस/४०० मध्ये १९३ ने. मध्ये दुभाषा हवाच. तो हाताने लिहायचा तर जावा या भाषेचे चांगले ज्ञान हवे, आणि आरपीजीवाल्या मंडळींना ते सहसा नसे. हे ओळखून आयबीएमने आपल्या विकसन-साधनात एक विझार्ड दिला होता. विझार्ड म्हणजे जादूगार. प्रत्यक्षात ती असते एकामागून एक उघडणाऱ्या पडद्यांची प्रश्नावली. प्रोग्रामचे नाव काय, तो कोणत्या ग्रंथालयात आहे, त्याला कोणती माहिती द्यायची, त्याच्याकडून कोणती परत येणार, पानावर कोणत्या चौकटी हव्यात. उत्तरे देऊन शेवटचे बटन दाबले की माहिती भरण्याचे पान, निकालाचे पान आणि दोघांमधला दुभाषा प्रोग्राम अशा फायली तयार होऊन पडत. आठवड्याचे काम दुपारच्या चहापर्यंत आटोपे, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

यातला सर्वांत महत्त्वाचा पडदा पॅरामीटरांचा. पॅरामीटर म्हणजे प्रोग्रामला द्यायच्या आणि त्याच्याकडून घ्यायच्या माहितीचे रकाने. डॉक्टर मंडळींना हे समजायला जड जाऊ नये. आपण प्रयोगशाळेला चिठ्ठी पाठवता, तिच्यावर रुग्णाचे नाव, वय, नमुन्याचा प्रकार, हव्या त्या चाचण्या असतात आणि उत्तराच्या कागदावर निष्कर्ष येतात. पॅरामीटरांची यादी ही तशीच चिठ्ठी, फक्त एक मोठा फरक आहे. चिठ्ठीवर ‘वय’ हा शब्द छापलेला असतो. प्रोग्रामला शब्द दिसत नाहीत, क्रम दिसतो. तिसऱ्या जागी जे येईल ते जन्मतारीख, पाचव्या जागी येईल ती तपासणीची तारीख. विझार्डमध्ये आपण रकान्याला देतो ते नाव केवळ माणसांच्या सोयीसाठी. दोन तारखा दोन्ही आठ अंकी, त्यांची अदलाबदल झाली तरी यंत्र चकार शब्द काढणार नाही. तपासणीच्या दिवशी जन्मलेला कामगार त्याला मुळीच खटकत नाही.

याहून फसवा प्रकार दशांश चिन्हाचा आहे, आणि तो जरा सविस्तर सांगितला पाहिजे. आरपीजीमध्ये आकडे बहुधा ‘पॅक्ड’ पद्धतीने साठवतात. एका बाइटमध्ये दोन अंक बसवायचे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक की उणे याची खूण ठेवायची. पाच अंकी संख्येला तीन बाइट पुरतात. जागा महाग होती त्या काळातली ही काटकसर. या साठवणुकीत दशांश चिन्ह कोठेच नसते. ते कोणत्या अंकापुढे समजायचे हे फक्त प्रोग्रामच्या घोषणेत लिहिलेले असते. ‘पाच अंक, त्यातले दोन दशांश’ असे घोषित केलेल्या रकान्यात क्रिएटिनिन १.२० असेल, तर आत ००१२० एवढेच अंक असतात. आता विझार्डच्या पडद्यावर कोणी दोनाऐवजी एक दशांश लिहिला, तर तेच तीन बाइट वाचून दुभाषा पानावर १२.० दाखवतो. लांबी जुळते, खूण जुळते, तक्रार करायला यंत्राला कारणच नाही.

१.२ आणि १२ यांतला फरक आपल्याला मी सांगावा असे नाही. एक निरोगी माणसाचा आकडा, दुसरा मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाल्याचा. आणि दोन्ही आकडे जिवंत माणसात सापडू शकतात, म्हणून ‘अशक्य’ म्हणून अडवता येत नाहीत. उलट लांबी चुकली असती तर बरे झाले असते. अंकांच्या जागी भलतेच काही आले की यंत्र ‘दशांश माहितीत दोष’ असा गजर करून काम थांबवते. ओरडणारी चूक परवडते. निमूटपणे उत्तर देणारी चूक घातक.

आमच्याकडे नेमके हेच घडले. पाने तयार करण्याचे काम बाहेरच्या एका संस्थेकडे दिले होते. तिच्या मुलांनी पॅरामीटरांची माहिती प्रोग्रामच्या जुन्या छापील टिपणावरून भरली. टिपण छापल्यानंतर प्रोग्राममधला रकाना बदललेला होता. चाचणीसाठी घेतलेल्या नमुन्यांत क्रिएटिनिनचा रकाना सगळीकडे शून्यच होता, आणि शून्याला दशांश कोठेही दिला तरी शून्यच. चाचणी उत्तीर्ण झाली. चूक पकडली ती कारखान्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. पाने खुली होण्याच्या आदल्या दिवशी ते सहज येऊन बसले, पाच-सहा ओळखीचे क्रमांक घालून पाहिले आणि म्हणाले, “हा माणूस काल सायकलवरून आला. याचे क्रिएटिनिन बारा कसे?” एवढे एक वाक्य. आरपीजीच्या संकलकातच अशी सोय आहे की रकान्यांची यादी तो स्वतः लिहून देतो. ती वापरली तर टिपण पाहून भरण्याचा प्रश्नच उरत नाही. जोडणीचे काम कोणाकडे देताना ही यादी हाताने भरणार की प्रोग्राममधूनच घेणार, एवढे आपण जरूर विचारा.

डॉक्टरसाहेबांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. “मी या चौकटीत व्यवस्थापकांचा क्रमांक घातला तर?” घालून पाहिला. व्यवस्थापकांची साखर पडद्यावर आली. विझार्डने क्रमांकाची चौकट मागितल्याप्रमाणे दिली होती. ती भरणारा कोण, हे त्याला कोणी सांगितले नव्हते आणि त्याने विचारलेही नव्हते. जुन्या हिरव्या पडद्यावर प्रत्येक जण स्वतःच्या नावाने आत येई, कोणी काय पाहावे हे यंत्र ठरवी आणि आरोग्याच्या फायली केंद्राबाहेरच्या कोणालाच उघडत नसत. वेबच्या जोडणीत मात्र पानामागचा दुभाषा एकाच नावाने आत जातो. विझार्डच्या एका पडद्यावर ते नाव आणि परवलीचा शब्द एकदाच भरतात. त्यानंतर हजार माणसे पान उघडोत, यंत्राच्या दृष्टीने तो एकच इसम, आणि त्याला सगळे दिसते. पंधरा वर्षे चोख असलेली राखण एका पडद्यावर संपली होती.

उलट दिशेने विचार केला तर गांभीर्य लक्षात येते. कामगाराला व्यवस्थापकांची साखर कळली, तर दोन दिवस चेष्टा होईल. व्यवस्थापकांना कामगाराच्या फुफ्फुसांचा आकडा कळला, तर त्याची बदली होईल, कंत्राटी असेल तर कामही जाईल. आपले गुपित डॉक्टरच्या खोलीबाहेर जाणार नाही या विश्वासावरच तो तपासणीला येतो. तो विश्वास गेला की पुढच्या वर्षी ‘खोकला नाही’ असेच सांगणार.

उपाय असा झाला की क्रमांक पानावरून घ्यायचाच नाही. कंपनीच्या जाळ्यावर जो ज्या नावाने शिरला आहे, त्यावरूनच त्याचा क्रमांक ठरवायचा. हा बदल दुभाषा प्रोग्राममध्ये करता येतो, पण तेथे एक खोच आहे. विझार्ड पुन्हा चालवला की तो आपल्या फायली नव्याने लिहितो आणि आपण हाताने घातलेल्या ओळी पुसल्या जातात. कुंपण तेथे घातले तर वर्षभरात कोणीतरी नकळत उपटणार. म्हणून विचारणाराचा क्रमांक हा आणखी एक पॅरामीटर करून तो आरपीजीच्या प्रोग्रामपर्यंत नेला, आणि ‘विचारणारा आणि रुग्ण एकच आहेत का, नसल्यास विचारणारा आरोग्य केंद्राचा आहे का’ ही तपासणी त्या जुन्या, भरवशाच्या प्रोग्राममध्येच बसवली. पाने कितीही वेळा नव्याने तयार केली तरी तिला धक्का लागत नाही.

ग्रंथालयांच्या यादीचा मुद्दा थोडक्यात. या यंत्रात एकाच नावाची फाइल चाचणीच्या आणि प्रत्यक्ष वापराच्या अशा दोन ग्रंथालयांत असू शकते, आणि आधी कोठे शोधायचे हे एका यादीवरून ठरते. यादीचा क्रम चुकला तर पान गेल्या वर्षीच्या प्रतीतले आकडे तितक्याच आत्मविश्वासाने दाखवते. निकालाच्या पानावर तपासणीची तारीख ठळक छापणे, हा त्यावरचा साधा आणि फुकटचा इलाज.

तो विझार्ड ज्या साधनात होता ते त्या नावाने आज मिळत नाही. एएस/४०० ची नावे बदलत गेली आणि २००८ पासून तिच्या कार्यप्रणालीला आयबीएम आय म्हणतात. पण प्रोग्रामला वेब सेवेचे रूप देणारा विझार्ड तिच्यावर आजही आहे, आणि तोही विचारतो तेच : कोणते पॅरामीटर आत, कोणते बाहेर, कोणत्या नावाने चालवू, ग्रंथालयांची यादी कोणती. इतर साधनांतही पडद्यांची रचना वेगळी, प्रश्न जवळपास हेच.

एक सुधारणा मात्र खरी आहे. आरोग्याच्या माहितीची देवघेव करण्यासाठी आता एफएचआयआर हे मानक रूढ होत आहे. आपल्या देशात २०२१ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही ते स्वीकारले आहे. त्यात निष्कर्षाचा आकडा दशांश चिन्हासह लिहिला जातो आणि त्याच्यासोबत एकक पाठवण्याची जागा ठरलेली असते. आमच्या जुन्या चिठ्ठीत एककाला रकानाच नव्हता. मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे सर्वांना ठाऊक आहे असे गृहीत होते. परदेशातून आलेला अहवाल मिलिमोलमध्ये असेल, तर रक्तशर्करेच्या आकड्यात अठरा पटींचा फरक पडतो. तथापि मानक कितीही चांगले असले, तरी जुन्या प्रोग्राममधला आकडा त्यात उतरवताना दशांश कोठे द्यायचा हे तेथेही कोणीतरी एका पडद्यावर भरतच असते.

आमच्या डॉक्टरसाहेबांनी त्यानंतर एक वही केली होती. तिच्यात बारा काल्पनिक कामगार होते. एकाचे हिमोग्लोबिन ६.४, एकाचे १७.९, एकाचे क्रिएटिनिन ०.७, एकाचे ११.३. एका नोंदीत एकही चाचणी झालेली नाही, एकाची जन्मतारीख २९ फेब्रुवारीची, एकाचे आडनाव रकान्यात न मावणारे. शून्य कोठेही नाही, आणि कोणतेही दोन आकडे सारखे नाहीत. पानांत किंवा प्रोग्राममध्ये काहीही बदल झाला की हे बारा जण आधी चाचणीच्या ग्रंथालयात घालायचे आणि पडद्यावरचा प्रत्येक आकडा वहीशी ताडून पाहायचा. त्याला चाळीस मिनिटे लागत. वहीवर सही झाल्याशिवाय पान खुले करायचे नाही, असा नियम संगणक विभागानेही मान्य केला. मी तेथे असेपर्यंत तो पाळला जात होता.