पुलाखालची शाळा

ठाण्याच्या तीन हात नाक्यावर गाडी थांबली, की गजरे घेऊन मुलं काचेशी यायची. बरीचशी मराठवाड्यातल्या दुष्काळाने घर सोडायला लावलेल्या कुटुंबांतली. पुलाखालीच चूल, तिथेच अंथरूण. २००९चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शाळा देतो, वयाप्रमाणे वर्गही देतो. पण बारा वर्षांच्या पोराला अक्षरओळखच नसेल, तर सहावीत बसून ते करणार काय? शिवाय ते शाळेत बसलं, की त्या दिवसाचे गजरे विकायचे राहिले.

तेव्हा शाळाच मुलांकडे आली. समर्थ भारत व्यासपीठ या संस्थेने ठाणे महापालिकेच्या सहकार्याने २०१६ साली पुलाखाली, मालवाहू कंटेनरमध्ये ‘सिग्नल शाळा’ सुरू केली. आधी आंघोळ, मग गणवेश, नाश्ता आणि नंतर पाटी. हा क्रम मला तरी अभ्यासक्रमाइतकाच महत्त्वाचा वाटतो. पोटात काही नसलेल्या मुलाला बाराखडी काय सांगणार? डोक्यावरून द्रुतगती महामार्गाची वाहतूक धडधडत असताना इथे धडे गिरवलेली मुलं पुढे दहावीही पास झाली.