कॅथीड्रलचे सांध्यगायन आणि मराठी भजन

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. त्या भट्टीभोवती जे नगर वसले, त्यात देशाच्या सर्व भागांतून माणसे आली. केरळातून आली, बंगाल आणि आंध्रातून आली, तशी नागपूर-विदर्भातून मराठी कुटुंबेही आली. माणूस परमुलखात गेला की भांड्याकुंड्यांबरोबर आपली प्रार्थनाही नेतो. आणि प्रार्थना नेतो याचा अर्थ बहुधा तिची चाल नेतो. शब्द पुस्तकात राहू शकतात, चाल मात्र कंठातूनच न्यावी लागते.

या नगरात अँग्लिकन परंपरेचे कॅथीड्रल नाही. कॅथीड्रल म्हणजे केवळ मोठे चर्च, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती बरोबर नाही. ‘कॅथेड्रा’ म्हणजे आसन. ज्या चर्चमध्ये धर्मप्रांताच्या बिशपचे आसन असते ते कॅथीड्रल, मग त्याची इमारत लहान असो वा मोठी. उत्तर भारतीय चर्चच्या छत्तीसगढ धर्मप्रांताचे हे आसन आज रायपूर येथे आहे. त्याआधीच्या काळी, म्हणजे इंग्रजी अमदानीत, साऱ्या मध्य प्रांताचे अँग्लिकन आसन नागपुरास होते. १९०३ साली नागपूरचा धर्मप्रांत निर्माण झाला, आयर चॅटर्टन हे त्याचे पहिले बिशप झाले आणि सदर भागातील ऑल सेंट्स चर्चला कॅथीड्रलचा मान मिळाला. छत्तीसगढही तेव्हा त्याच प्रांतात होते. म्हणून कॅथीड्रलच्या वृंदगायनाचा विचार भिलाईच्या बाजूने करू लागले, की वाट रेल्वेच्या रुळांवरून पश्चिमेस नागपूरकडे, आणि तेथून पुढे मुंबई-पुण्याकडे जाते.

हे वृंदगायन आहे तरी कसे? त्याचा गाभा आहे सायंप्रार्थना, इंग्रज जिला ‘ईव्हनसाँग’ म्हणतात ती. सोळाव्या शतकात इंग्लंडचे चर्च रोमपासून वेगळे झाले आणि १५४९ मध्ये त्याचे पहिले इंग्रजी प्रार्थनापुस्तक निघाले. आर्चबिशप क्रॅनमर हे त्याचे प्रमुख कर्ते. मठांतून दिवसाकाठी जे अनेक प्रार्थनाप्रहर पाळले जात, ते एकत्र करून त्यांनी सकाळ आणि संध्याकाळ अशा दोनच उपासना ठेवल्या. सायंप्रार्थनेत स्तोत्रसंहितेतील त्या दिवशीची स्तोत्रे, शास्त्रातील दोन वाचने, त्या वाचनांनंतर मरियेचे स्तोत्र आणि वृद्ध शिमोनाचे स्तोत्र, मग आर्जवे आणि शेवटी वृंदाने गायचे एखादे विस्तृत गीत, असा क्रम असतो. दीडशे स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिलेली आहेत. महिना संपला की पुन्हा पहिल्यापासून आरंभ. पारायणाची सवय असलेल्या मराठी माणसाला यात काहीच नवल वाटू नये.

गाणारे दोन भागांत बसतात. वेदीकडे जाणाऱ्या मार्गाच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर लाकडी आसनांच्या रांगा असतात. दक्षिणेकडील रांग ‘डेकानी’, उत्तरेकडील ‘कँटोरिस’. पहिली डीनची, म्हणजे कॅथीड्रलच्या मुख्य धर्मगुरूची बाजू, दुसरी गायनप्रमुखाची. एका रांगेने स्तोत्राचा एक चरण गायचा, समोरच्या रांगेने पुढचा उचलायचा. गाणे जणू धोट्यासारखे इकडून तिकडे जात राहते. ज्याने वारकऱ्यांची दिंडी पाहिली आहे, टाळकऱ्यांच्या दोन समोरासमोरच्या रांगा पाहिल्या आहेत, किंवा देवळाच्या ओसरीवर तिन्हीसांजेचा हरिपाठ ऐकला आहे, त्याला ही रचना ओळखीची वाटेल. आणखीही एक साम्य आहे. इंग्लंडमधील मोठ्या कॅथीड्रलमधून हे सांध्यगायन आठवड्यातील बहुतेक दिवशी होते. ऐकायला चार माणसे असोत की चारशे, गायनात उणे पडत नाही. काकडआरतीही गर्दी पाहून थोडीच होते?

मात्र साम्य येथवरच. टाळकरी सारे एकच चाल गातात. कॅथीड्रलच्या वृंदात चार स्वरपंक्ती एकाच वेळी चालतात. सर्वांत वर मुलांचे कोवळे, उंच आवाज. त्याखाली पुरुषांचे तीन थर, त्यांतील सर्वांत वरचाही मुलांच्या खालीच राहणारा, आणि तळाशी खर्ज. चौघांचे स्वर वेगळे, पण क्षणोक्षणी ते एकमेकांशी जुळलेले; या जुळणीतून जे उमटते ते कोणा एकाच्या गाण्यात नसते. शतकानुशतके वरची पंक्ती मुलग्यांचीच राहिली. सॉल्झबरी कॅथीड्रलने १९९१ मध्ये मुलींचा स्वतंत्र वृंद उभा केला आणि मग इतरांनीही ती वाट धरली. एवढ्या साध्या गोष्टीला इतकी वर्षे लागावीत, हे मात्र सनातन्यांची मक्तेदारी कोणा एका धर्माकडे नसल्याचेच लक्षण म्हटले पाहिजे.

या गायनातील सर्वांत विलक्षण भाग म्हणजे स्तोत्रे गाण्याची पद्धत. स्तोत्रे गद्यात आहेत. एक ओळ सहा शब्दांची, तर दुसरी वीस शब्दांची. अशा ओबडधोबड गद्याला ठरीव चाल लावायची कशी? अँग्लिकनांनी त्यावर युक्ती काढली. चालीत दहाच स्वर असतात, तेही दोन भागांत विभागलेले. प्रत्येक भागाचा पहिला स्वर लवचीक असतो. त्यावर हवी तितकी अक्षरे बोलण्याच्या ओघाने म्हणून घ्यायची आणि ओळ संपत आली की उरलेल्या स्वरांवरून पायऱ्या उतरावे तसे उतरायचे. कोणत्या अक्षरावर पायरी बदलायची याच्या खुणा पुस्तकात छापलेल्या असतात. आपल्याकडील ग्रंथी ओवी याहून फार दूर नाही. तिचेही चरण कधी लांबतात, कधी आखडतात; म्हणणारा अक्षरे आवरून-सावरून घेतो आणि शेवटच्या आखूड चरणावर नेमका विसावतो.

मग हीच चाल मराठी स्तोत्रांना का लावू नये? येथे अडचण भक्तीची नाही, व्याकरणाची आणि कानाची आहे. इंग्रजी शब्दातील एखादे अक्षर आघाताने जड होते, आणि त्या चालींतील पायऱ्या अशा जड अक्षरांवर पाऊल टाकतात. मराठीत अक्षराचे वजन आघाताने नव्हे, ऱ्हस्वदीर्घाने ठरते. शिवाय मराठी वाक्य बहुधा क्रियापदावर संपते. परिणाम असा, की चालीचा सर्वांत सुंदर, सर्वांत विसाव्याचा स्वरसमूह नेमका ‘आहे’ किंवा ‘होते’ यांच्या वाट्याला जातो, आणि वाक्यातील जे मर्म, ते आधीच घाईघाईने म्हणून झालेले असते. दुसरी अडचण रागाची. आपले गाणे एका अचल षड्जाच्या आधारावर उभे असते. खाली तंबोरा एकच सांगत राहतो आणि वर स्वर त्याच्याशी आपले नाते जोडतो. चार पंक्तींच्या गाण्यात आधारच पावलोपावली हलतो. तेथे रागाचा चेहरा टिकणे कठीण. क्रॅनमरनेही १५४४ साली राजाला लिहिताना धर्मगीतात शक्यतो एका अक्षरास एकच स्वर असावा असा आग्रह धरला होता. मराठी गायकाला तर एकाच अक्षरावर चार स्वर फिरवल्याशिवाय आळवल्याचे समाधान नाही.

म्हणूनच या परंपरेचे आपल्या भूमीवरील पहिले घर बराच काळ इंग्रजीच राहिले. मुंबईचे सेंट थॉमस चर्च १७१८ च्या नाताळात उघडले आणि १८३७ मध्ये कॅथीड्रल झाले. चर्चगेट हे नाव याच चर्चवरून पडले. वृंदासाठी मुलगे हवेत म्हणून १८७५ मध्ये तेथे गायकमुलांची शाळा निघाली. आजच्या कॅथीड्रल अँड जॉन कॉनन शाळेच्या पूर्वजांत तिची गणना होते. वृंद उभा करणे म्हणजे आधी शाळा उभी करणे, ही गोष्ट त्यावरून ध्यानात यावी. मुलाचा आवाज पाच-सहा वर्षे टिकतो आणि फुटतो. वरची पंक्ती सतत नव्याने घडवावी लागते. छावणीच्या वा कारखान्याच्या गावी एवढा संभार कोठून आणणार?

मराठीचे उत्तर दुसऱ्याच दिशेने आले, आणि ते भिलाईच्या अगदी जवळून गेले. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. राजनांदगाव म्हणजे त्याच लोहमार्गावरील, दुर्ग-भिलाईच्या अलीकडचे संस्थानी गाव. डब्यात एका पाश्चात्त्य सहप्रवाशाशी त्यांचे बोलणे सुरू झाले आणि त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती दिली. त्या वाचनाचा शेवट १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांच्या बाप्तिस्म्यात झाला. घरावर त्यामुळे काय कोसळले, ते लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मधून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. आणि हा नुसता अलंकार नव्हता. त्यांनी ख्रिस्ती उपासनेसाठी अभंग रचले, पदे आणि भजने रचली. ‘उपासना-संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची गीते विपुल आहेत. चार पंक्तींचा वृंद नको, खुणांचे पुस्तक नको. टाळ, पेटी आणि एकाने म्हटलेले उचलून धरणारी मंडळी असली की पुरे.

पेटीचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे. हार्मोनियम हे मूळचे युरोपीय वाद्य. अनेक स्वर एकदम दाबून स्वरसमूह काढावेत ही त्याची जन्मजात सोय. मराठी भजनाने ते हौसेने घेतले आणि त्यावर एकपदरी चालच वाजवली. आकाशवाणीने तर १९४० पासून १९७१ पर्यंत त्याला आपल्या दारातच उभे ठेवले होते.

टिळक अँग्लिकन नव्हते. त्यांचा संबंध अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनशी. पण त्यांचा सूर अँग्लिकन उपासनेत नेणारा एक इंग्रज निघाला. जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये ख्रिस्त सेवा संघ स्थापिला, १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले, आणि भारतीय वळणाच्या प्रभुभोजनविधीसाठी धडपड केली. जमिनीवर बसून, भजन म्हणत उपासना करणाऱ्या या संघात १९२७ मध्ये पुण्यास व्हेरियर एल्विन आले. पुढे ते मध्य प्रांतात गोंडांमध्ये राहावयास गेले. नागपूरचे बिशप वुड यांनी त्यांना धर्मकार्याचा परवाना नाकारला, आणि काही वर्षांत एल्विन यांनी चर्चच सोडले. या माणसाने १९४६ मध्ये छत्तीसगढच्या लोकगीतांचा मोठा संग्रह प्रसिद्ध केला. बिशपांनी जो धर्मगुरू गमावला, तो छत्तीसगढच्या गाण्याला लाभला, असे म्हणण्यास हरकत नाही.

या दोन धारा एका पात्रात आल्या त्या नागपुरासच. २९ नोव्हेंबर १९७० रोजी ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या परिसरात सहा चर्चे एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले. त्यांत अँग्लिकन होते, तशीच टिळकांच्या मिशनची परंपरा चालवणारी मंडळीही होती. ऑस्कर लोर यांनी १८६८ मध्ये बिश्रामपूरला सुरू केलेल्या कार्यातून वाढलेल्या छत्तीसगढी मंडळ्याही त्याच प्रवाहात आल्या. तेव्हापासून ईव्हनसाँगचे पुस्तक आणि टिळकांचे भजन हा एकाच घरचा वारसा आहे. वाटणी अजून झालेली नाही. मोठ्या शहरांतील इंग्रजी उपासनांतून, नाताळच्या सुमारास विशेषकरून, चार पंक्ती ऐकू येतात. मराठी, हिंदी उपासनेत पेटी आणि ढोलकी.

भिलाईतील मराठी श्रोत्याला मूळचे सांध्यगायन ऐकावयाचे तर त्यासाठी इंग्लंडला जाणे आता आवश्यक नाही. ७ ऑक्टोबर १९२६ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमधून ते प्रथम ध्वनिक्षेपित झाले आणि बीबीसीवरून त्याचा परिपाठ अजून चालू आहे. ऐकताना शब्द कळले नाहीत तरी चालेल. डाव्या कानाने एक रांग आणि उजव्या कानाने दुसरी ऐकावी. लवचीक स्वरावर शब्दांची गर्दी केव्हा होते आणि पायऱ्या केव्हा सुरू होतात, एवढेच लक्षात ठेवावे. दोन-तीन स्तोत्रे होईपर्यंत पुढची पायरी कोठे येणार, हे कान आपणहून सांगू लागतो.